हॉस्पिटलने मागची जागा विकली, आता तिथे बावीस मजले!

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात एकाच विषयावरची चार पत्रं निघाली, तीही चार वेगवेगळ्या टोकांची, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि इथे फक्त ही चारच. मी पूर्वी पंधरा वर्षं एका वकिलांकडे ट्रस्टची कामं बघायचे, त्यामुळे हा विषय निघाला की माझं उत्तर जरा लांबतं, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या कॉलनीला लागून एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, नाव देत नाही, उगाच वाद नको. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणा दानशूर माणसाने जमीन दिली असं म्हणतात. पुढे हॉस्पिटल, मागे नर्सेसच्या बैठ्या खोल्या, एक विहीर आणि सात-आठ कडुलिंब. गेल्या महिन्यात तिथे पत्रे ठोकले आणि बोर्ड लागला, थ्री आणि फोर बीएचके, बावीस मजले. चौकशी केली तर म्हणे मागची जागा बिल्डरला दिली, पेपरात नोटीस आली होती, तुम्ही वाचली नाही त्याला आम्ही काय करणार. आम्ही दोनशेच्या वर सह्या गोळा केल्यात. ऊन जाणार, बोअरचं पाणी जाणार, गल्लीत आत्ताच दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो, त्यात अजून शंभर गाड्या कुठे मावणार? माझी आई त्याच हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात गेली, शेवटचे अकरा दिवस तिथे होती, बिलसुद्धा फार कमी लावलं होतं. हे थांबवता येतं का? कोणाकडे जायचं, नगरसेवक, कलेक्टर की कोर्ट?
(सोसायटीचा सेक्रेटरी, वय ६६, नाशिक)

उत्तर: काका, निवेदनाची झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत. मी ती पेन्सिल घेऊन वाचली. दोन पानांत पार्किंग हा शब्द सहा वेळा आलाय आणि बेड हा शब्द एकदाही नाही. आईचे अकरा दिवस तुम्ही मला लिहिलेत पण निवेदनात घातले नाहीत, आणि माझ्या मते तुमची खरी केस तेवढीच आहे. रागावू नका, पार्किंगचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण ते गाऱ्हाणं महापालिकेच्या बांधकाम विभागापुढे घालायचं असतं आणि तिथे बिल्डर नियमाप्रमाणे दोन मजले पोडियम पार्किंग दाखवतो की तुमचं निवेदन फायलीला लागलं म्हणून समजा. जमीन मुळात विकता येते की नाही हा प्रश्न धर्मादाय आयुक्तांपुढचा आहे, आणि तिथे तुमच्या उन्हाला कोणी विचारत नाही, तिथे बघतात ते ट्रस्टचं हित आणि ट्रस्ट ज्यांच्यासाठी आहे त्यांचं हित. म्हणजे पेशंटचं. म्हणजे तुमच्या आईचं.

तर आधी कागद. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, आपण ज्याला अजून सवयीने बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्ट म्हणतो, त्याखाली नोंदलेल्या प्रत्येक ट्रस्टचं शेड्यूल वन असतं. ट्रस्टचा उद्देश, विश्वस्त कोण, स्थावर मालमत्ता कुठली, सगळं त्यात. धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल मिळते. जुन्या ट्रस्टची रजिस्टरं मी पाहिलीत, कडा चुरा झालेल्या, पान उलटताना जीव मुठीत धरायचा, पण आत अक्षर मोत्यासारखं, आणि कधीकधी जमीन देणाऱ्याने घातलेली अट तिथे शाईने अशी स्पष्ट लिहिलेली असते की आजच्या विश्वस्तांनासुद्धा ती माहीत नसते. "गोरगरिबांच्या औषधोपचारार्थ" एवढे दोन शब्द सापडले तरी तुमचं निम्मं काम झालं.

मग कलम ३६. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. आधी, हे महत्त्वाचं. त्या अर्जात काय सांगावं लागतं ते नियम २४ मध्ये आहे: विकण्याची गरज काय, त्यात ट्रस्टचं हित कसं, दानपत्रात किंवा ट्रस्ट डीडमध्ये विक्रीबद्दल काही म्हटलंय का, शिवाय व्हॅल्युएशन रिपोर्ट. या फायलीची नक्कल मागा, माहिती अधिकारातही मागता येते. आणि फाईल हातात आली की सरळ "गरज" या परिच्छेदावर जा, बाकीचं नंतर. बहुतेक वेळा तिथे दोनच ओळी असतात, इमारत जुनी झाली आहे, आधुनिकीकरणासाठी निधी हवा आहे. किती निधी, कशासाठी, किती बेड वाढणार, कधीपर्यंत, काही नाही! नवीन ओटी करायचीय म्हणता तर तिचं एस्टिमेट कुठे आहे, प्लॅन कुठे आहे, पैसे वेगळ्या खात्यात ठेवणार का, हे तुम्ही विचारायचं. लेखी.

पेपरातली नोटीस बघायचीच. ती कुठल्या पेपरात, कुठल्या पानावर आली, किती दिवसांची मुदत होती, किती टेंडरं आली. एकच आलं किंवा तीन आली पण तिघांचा पत्ता एकाच बिल्डिंगमधला, असे प्रकार घडतात. आमच्या वकीलसाहेबांकडे एक म्हातारे गृहस्थ अशीच एक नोटीस खिशातून काढून घेऊन आले होते, चौकोनी कात्रण, चार वेळा घडी घालून घालून घडीवरची अक्षरं पुसलेली, आणि पुसलेल्या अक्षरांत नेमका सर्व्हे नंबर होता. नंतर पेपरच्या ऑफिसातून त्याच तारखेचा अंक आणला तर सर्व्हे नंबरच चुकीचा छापलेला. तेवढ्या चुकीवर प्रकरण परत सुरुवातीपासून चालवावं लागलं.

मंजुरी झालेली असली तरी सगळं संपलं असं नाही. मंजुरी फसवून, खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून घेतली असेल तर ती मागे घेण्याचा अधिकार याच कलम ३६ मध्ये आहे. पुण्याचं ताजं उदाहरण तुम्ही पेपरात वाचलंच असेल, मॉडेल कॉलनीतलं जैन बोर्डिंग, २०२५ मधलं. ते हॉस्पिटल नव्हतं, विद्यार्थी वसतिगृह होतं, पण मामला तोच, ट्रस्टची मोक्याची जागा आणि घेणारा बिल्डर. मंजुरी झाली होती, व्यवहारही झाला होता, आणि तरी समाज रस्त्यावर उतरल्यावर तो व्यवहार त्याच वर्षी रद्द झाला. पण एक लक्षात घ्या, तिथे विरोध करणारे कोण होते, तर माजी विद्यार्थी आणि ज्या समाजासाठी ट्रस्ट होता तो समाज. शेजारची सोसायटी नव्हे. कायद्यात "हितसंबंध असलेली व्यक्ती" अशी व्याख्या आहे आणि त्यात लाभार्थी येतात, शेजारी म्हणून शेजारी येत नाहीत. म्हणून म्हणते, दोनशे सह्यांपेक्षा त्या हॉस्पिटलात उपचार घेतलेले वीस जण, त्यांची डिस्चार्ज कार्डं, आणि जमीन देणाऱ्याचा एखादा नातू-पणतू शोधून काढा.

अजून तीन गोष्टी पटापट सांगते. प्रॉपर्टी कार्ड काढा, जमीन मुळात सरकारने दिलेली आणि भोगवटादार वर्ग २, म्हणजे अटींवर दिलेली, असेल तर कलेक्टरची परवानगीसुद्धा लागते. इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) काढा, म्हणजे विक्री झालीय की नुसतं डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट ते कळेल. आणि डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्या तुकड्यावर हॉस्पिटलचं आरक्षण किंवा सार्वजनिक वापराचा झोन आहे का बघा, असेल तर तो बदलायला नगररचनेच्या एमआरटीपी अ‍ॅक्टच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि एक महिन्यात हरकती घेता येतात, तिथे तुमचं पार्किंग, पाणी, ऊन सगळं चालतं. कडुलिंबांसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज.

आणि तो दहा टक्क्यांचा प्रश्न विचाराच. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, याच ट्रस्ट कायद्याचं कलम ४१ अअ आणि त्यावरची मुंबई हायकोर्टाची २००६ ची योजना. जमीन विकल्यावर या खाटा वाढणार की कमी होणार? तुमच्या आईचं बिल कमी का लागलं होतं ते या योजनेतच असेल कदाचित, जुनं बिल घरात असेल तर जपून ठेवा, फार कामाचं आहे. नगरसेवकाकडे जा, जरूर जा, पण हे सगळं हातात घेऊन जा, नाहीतर तो तुमच्याबरोबर फोटो काढेल आणि विषय संपेल. आणि वेळ घालवू नका, एकदा फ्लॅट बुक झाले, लोकांनी लोन काढली, की कोर्टालाही त्या शंभर कुटुंबांचा विचार करावा लागतो.

प्रश्न: ताई, मी लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला होते. तिच्या घराजवळ कॉबल हिल म्हणून भाग आहे, तांबड्या विटांची जुनी तीन-चार मजली घरं, फार गोड, आणि मधेच एकदम काचेचे टॉवर. बाळाला प्रॅममध्ये घेऊन फिरायचे तेव्हा एका बाकावर एक आजी भेटायच्या, त्यांनी त्या टॉवरकडे बोट दाखवून सांगितलं की माझी तिन्ही मुलं तिथे झाली. मला वाटलं घरात झाली. नंतर लेकीने सांगितलं तिथे मोठं हॉस्पिटल होतं, लोकांनी खूप भांडण केलं तरी गेलं. अमेरिकेत इतके श्रीमंत, इतके शिकलेले लोक असून असं कसं झालं?
(डोंबिवलीच्या एक आजी)

उत्तर: आजी, नातवंडाचं अभिनंदन! तुम्हाला भेटलेल्या त्या बाई बहुतेक लाँग आयलंड कॉलेज हॉस्पिटलबद्दल बोलत होत्या, तिथले लोक त्याला नुसतं लिच म्हणायचे. आणि ही गोष्ट मी नाशिकच्या काकांनीही वाचावी म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे हॉस्पिटल १८५८ चं, म्हणजे आपल्याकडच्या बंडाच्या लगेच नंतरचं. १८६० मध्ये त्यांनी तिथेच मेडिकल कॉलेज काढलं, आणि पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून विद्यार्थ्यांना शिकवायचं ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्या पहिल्या ठिकाणांपैकी ते एक. पुढे कॉलेज वेगळं झालं आणि १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने, सुनी म्हणतात त्याला, ते आपल्यात घेतलं. आता गंमत बघा, गंमत कसली, २०११ मध्ये याच विद्यापीठाने तोट्यातलं हॉस्पिटलही चालवायला घेतलं आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०१३ मध्ये, बंद करायचा ठराव केला. ज्या हॉस्पिटलच्या पोटी कॉलेज जन्मलं, त्या कॉलेजच्या मालकाने हॉस्पिटलला टाळं लावलं.

तोटा होता, खोटं नाही. पण जागा कुठली, तर ईस्ट रिव्हरच्या काठाजवळ, समोर मॅनहॅटन. तोट्यातलं हॉस्पिटल आणि सोन्याची जमीन असं एकत्र आलं की काय होतं ते सांगायला अमेरिकेला जायला नको, गिरणगाव पाहिलेल्या कोणालाही विचारा.

त्यात अजून एक चटका लावणारी गोष्ट आहे. ब्रुकलिनमध्ये ऑथमर म्हणून केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक होते, नवरा-बायको साधे राहायचे, वॉरन बफे यांच्याकडे फार पूर्वी थोडे पैसे गुंतवलेले, ते इतके वाढले की दोघं गेल्यावर, तो १९९५ मध्ये आणि ती १९९८ मध्ये, कोट्यवधी डॉलर संस्थांना मिळाले. या हॉस्पिटललाही प्रचंड मोठी देणगी होती, कायमचा निधी म्हणून, मूळ रकमेला हात लावायचा नाही अशा बेताने. पण तोटा भागवायला कोर्टाकडून सवलत मागून मागून त्या निधीतून उचल होत गेली आणि हॉस्पिटल बंद व्हायच्या वेळी देणगीदारांच्या मनात होतं त्यातलं काही उरलं नव्हतं. दानपत्र वाचा असं मी काकांना उगीच नाही म्हणाले.

लोकांनी मात्र कमाल केली. नर्सेसच्या युनियनी, डॉक्टर, आसपासच्या सोसायट्या, सगळे एकत्र. कोर्टात केसेस, रस्त्यावर मोर्चे. जुलै २०१३ मध्ये बिल डी ब्लासिओ, तेव्हा महापौरपदाच्या शर्यतीत मागे होते, त्यांनी सुनीच्या ऑफिसबाहेर ठिय्या दिला आणि स्वतःला अटक करवून घेतली, आणि निवडणुकीत हा विषय इतका चालला की ते महापौर झाले. न्यायाधीशबाईंनी हॉस्पिटल सुनीकडे सोपवण्याचा स्वतःचाच जुना आदेश मागे घेतला. इतकं सगळं झालं! मग समझोत्यात नव्याने बोली मागवली, त्यात पूर्ण हॉस्पिटल चालवू म्हणणारा बोलीदार पहिला आला, पण त्याच्याशी बोलणी फिसकटली, कारण आश्वासन होतं पण त्यामागे पैसा आणि तयारी दिसली नाही. २०१४ च्या मे महिन्यात हॉस्पिटल बंद पडलं आणि जागा शेवटी फोर्टिस नावाच्या बिल्डरकडे गेली (आपल्याकडच्या त्या नावाच्या हॉस्पिटलांशी याचा संबंध नाही, नुसतं नाव सारखं), किंमत २४ कोटी डॉलर, २०१५ मध्ये ताबा.

आता पुढचा भाग, जो मला जास्त शिकवून गेला. कॉबल हिलचा बराच भाग १९६९ पासून वारसा म्हणून संरक्षित आहे आणि तिथे इमारतीच्या उंचीला ५० फुटांची मर्यादा आहे, म्हणूनच तुम्हाला ती घरं गोड दिसली. पण हॉस्पिटलच्या बऱ्याचशा जागा त्या हद्दीबाहेर राहिलेल्या. हॉस्पिटल होतं तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही, हॉस्पिटल कशाला टॉवर बांधेल? बिल्डरने दोन पर्याय ठेवले. एक, आहे त्या नियमात, कोणाला न विचारता बांधायचं. दोन, झोनिंग, म्हणजे तिथले बांधकामाचे नियम, बदलून द्या, मग अजून जास्त बांधतो पण त्यात परवडणारी घरंही देतो. लोकांनी दुसऱ्याला कडाडून नाही म्हटलं, तो जास्त उंच होता, आणि त्यांच्या जागी मीही बहुतेक नाहीच म्हटलं असतं. मग बिल्डरने पहिला उचलला. टॉवर आले, कोंडो म्हणतात तिकडे, आपल्या ओनरशिप फ्लॅटसारखं, आणि परवडणारी घरं आली नाहीत. विरोध कुठे चुकला असं मी म्हणणार नाही, पण नाही म्हटल्यावर समोरच्याकडे काय उरतं हे आधी बघायला हवं होतं, आणि ते नियमाच्या पुस्तकात आधीच लिहिलेलं होतं.

तिथे आता एनवाययू लँगोन या न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल संस्थेची इमर्जन्सी आणि ओपीडीची नवी इमारत आहे, चांगली आहे म्हणतात. पण पूर्वी पाचशेच्या आसपास खाटांचं हॉस्पिटल होतं, आता अ‍ॅडमिट करायची वेळ आली की अँब्युलन्सने दुसरीकडे न्यावं लागतं. त्या आजींची तिन्ही मुलं झाली तसं आता तिथे कोणाचं बाळंतपण होत नाही. तुमच्या लेकीचं कुठे झालं ते तुम्हाला माहीतच आहे, किती लांब जावं लागलं तेही.

प्रश्न: मॅडम, मी एका धर्मादाय हॉस्पिटलचा विश्वस्त आहे, बिनपगारी. सगळे आम्हालाच झोडपतात. सरकारी योजनांचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, ऑक्सिजन प्लँट, फायर एनओसी, पगार, सगळं वाढलं. देणग्या आटल्या. रिकामी पडलेली एक एकर जागा विकून हॉस्पिटल वाचत असेल तर ती विकू नये का? विरोध करणाऱ्यांपैकी एकाने तरी गेल्या दहा वर्षांत हजार रुपयांची पावती फाडलीय का?
(कोल्हापूर)

उत्तर: शेवटचा टोला आवडला, आणि खराच आहे. विकूच नये असं माझं मत नाही. कलम ३६ मध्ये मंजुरीची सोय ठेवलीय ती विकायची वेळ येते म्हणूनच.

पण तुम्हाला न्यूयॉर्कचीच दुसरी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्यासारख्यांचीच आहे. मॅनहॅटनच्या ग्रिनिच व्हिलेज या भागात सेंट व्हिन्सेंट्स नावाचं हॉस्पिटल होतं, कॅथलिक नन्सनी १८४९ मध्ये काढलेलं. टायटॅनिकमधून वाचलेले लोक १९१२ मध्ये तिथे आणले होते, आणि १९८४ मध्ये, एड्स म्हटलं की माणसं हात लावायला घाबरायची तेव्हा, त्यांनी एड्सच्या पेशंटसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू केला. २००७-०८ च्या सुमारास हॉस्पिटलने बेत मांडला, जुन्या इमारतींची जागा रुडिन या बिल्डरला विकायची, त्या पैशांतून रस्त्यापलीकडे नवं आधुनिक हॉस्पिटल बांधायचं. ऐकायला किती छान, नाही? नव्या हॉस्पिटलसाठी जी इमारत पाडायची होती ती वास्तुकलेच्या दृष्टीने जपावी की पाडावी यावर मोठा वाद झाला, वारसा आयोगाने आधी नाही म्हटलं, मग २००८ च्या ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलची अडचण मान्य करून हो म्हटलं. शेजारीपाजारी दोन गटांत वाटले गेले, एक म्हणे व्हिलेजचा चेहरा जाईल, दुसरा म्हणे हॉस्पिटल जाईल. आणि या सगळ्या काळात कर्ज वाढत होतं, अब्ज डॉलरच्या घरात गेलं. ३० एप्रिल २०१० ला हॉस्पिटल बंद. दिवाळखोरी.

नवं हॉस्पिटल झालं नाही. फ्लॅट मात्र झाले, दोनशेच्या आसपास, अतिशय महाग. जी इमारत पाडायची होती ती वाचली आणि त्यात २०१४ पासून इमर्जन्सी चालते, पूर्ण हॉस्पिटल नाही. समोरच्या त्रिकोणी बागेत आज एड्सचं स्मारक आहे, २०१६ चं.

तर विश्वस्तसाहेब, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, सेंट व्हिन्सेंट्सवाल्यांच्या हेतूबद्दलही नव्हती. पण विक्रीचा पैसा जुनं देणं फेडायला जाणार की नव्या खाटांना, हे आधी कागदावर बांधून घ्या. मी तुमच्या जागी असते तर आधी लोकांना बोलावलं असतं, चहा-बिस्किटं ठेवली असती आणि तीन वर्षांचा ताळेबंद टेबलावर टाकला असता, हे बघा, हे येणं, हे देणं. आणि सगळा एकर एकदम विकण्याआधी भाडेपट्ट्याचा विचार केला असता, लांब मुदतीच्या लीजलाही मंजुरी लागतेच पण जमीन ट्रस्टच्या नावावर राहते, पन्नास वर्षांनी तुमच्यासारख्याच कोणा बिनपगारी माणसाला परत अडचण आली तर त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असेल. बिल्डर म्हणेल लीजवर गिऱ्हाईक येत नाही. म्हणू दे. निदान त्याचा आकडा मागून बघा, विक्रीच्या आकड्याशेजारी ठेवा.

आणि पावतीचं म्हणाल तर माझं नाव घ्या, हॉस्पिटलचा पत्ता आणि ऐंशी-जीचं (देणगीवरच्या करसवलतीचं) सर्टिफिकेट पाठवा, हजाराचा चेक पाठवते. तुमचा ताळेबंद आला की.

प्रश्न: आम्ही अशाच एका हॉस्पिटलच्या जागेवरच्या प्रोजेक्टमध्ये टू बीएचके बुक केलाय, टोकन दिलंय. आता बाहेर लोक बोर्ड घेऊन उभे असतात, "आमचा दवाखाना परत द्या." आम्हाला चोरासारखं वाटतं. काय करू?
(ठाणे)

उत्तर: तुम्ही चोर नाही आहात. पण पुढचा हप्ता द्यायच्या आधी महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका आणि तिथे अपलोड केलेला टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा अहवाल, उघडा, त्यात धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरी आदेशाचा नंबर आणि तारीख आहे का बघा. नसेल तर बिल्डरला मेल करून मागा, फोनवर नको, मेलच. सेल्सवाला "सर, ते सगळं क्लिअर आहे" म्हणेल, त्याला म्हणा मग पाठव ना. केस चालू असेल तर तीही तिथे जाहीर करावी लागते, तो रकाना रिकामा आणि बाहेर बोर्ड घेतलेले लोक, हे जुळत नाही. बँकेने लोन दिलं म्हणजे कागद बरोबर, असं समजू नका. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आत हे करा. आणि एकदा खाली उतरून त्या बोर्डवाल्यांनाच विचारा की केसचा नंबर काय आहे, त्यांच्याकडे तो लगेच मिळेल.